फॉर्म ज्याचा त्यानं भरावा

बुटीबोरीत वेबसाइट बनवून देणाऱ्याकडे येणारं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. मजूर पुरवणारे ठेकेदार, फॅब्रिकेशनची वर्कशॉपं, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग देणारे छोटे कारखानदार, वाहतूकवाले, एखादी पतसंस्था, एखादी शाळा. नागपूरहून वर्धा रोडनं निघालं की तीसेक किलोमीटरवर ही औद्योगिक वसाहत लागते. सूत, टायर, पोलाद, वीज असं बरंच काही इथं तयार होतं आणि गाव तीन पाळ्यांच्या घड्याळावर चालतं. माझं दोन खोल्यांचं ऑफिस या वसाहतीच्या तोंडाशी आहे. वेबसाइट करायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पानावर तेच हवं असतं: सरकणारे फोटो, ड्रोननं टिपलेला कारखाना, संचालकांचा संदेश. ते मी करून देते. पण माझा जीव गुंततो तो आतल्या पानांत. नोकरीचा अर्ज, प्रशिक्षणाची नोंदणी, गेटपास, तक्रारपेटी, पगारपत्रक. ही पानं संचालक कधी उघडत नाहीत. ती उघडतो कामगार, पाळी सुटल्यावर, बसमध्ये उभ्यानं, काच तडकलेल्या स्वस्त फोनवर.

यंत्रांवर पोट असलेल्या गावात माणसांच्या अंगावर यंत्रांच्या खुणा असतात. पॉवर प्रेसमध्ये गेलेली बोटं, ग्राइंडिंगच्या ठिणगीनं अधू झालेला डोळा, लूमच्या आवाजात वर्षं काढून मंदावलेले कान, भट्टीशी भाजलेला हात. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ सालचा, २०२५पर्यंत लागू होता. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणता अवयव गेला की कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ता दिलेला होता. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. अपंगत्वाचा लाभ किती मिळायचा हे या टक्क्यांवरून ठरायचं. हा तक्ता वाचल्यापासून फॉर्ममधलं प्रत्येक बटण त्याच्याशेजारी ठेवून बघायची मला सवय लागली. चार बोटं नसलेल्या हाताला हे दाबता येईल का? परिशिष्टात हा प्रश्न नव्हता, १९४८ साली तो असणं शक्यही नव्हतं. पण आज त्या माणसाची नवी नोकरी, त्याचा दावा, त्याची पगाराची पावती हे सगळं त्या बटणाच्या पलीकडे जाऊन बसलं आहे.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला आणि त्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. वेबसाइटच्या संदर्भात मात्र हा विषय निघाला की बोलणं पूर्ण अंध व्यक्तीपासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. माझ्या ऑफिसात जे येतात त्यातले पुष्कळ जण आयुष्याच्या मध्यावर अधू झालेले असतात. त्यांनी कधी ब्रेल शिकलेलं नसतं, फोनमध्ये खास सोयी असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, कित्येकांनी प्रमाणपत्रही काढलेलं नसतं. आपण अपंग आहोत असं ते म्हणतच नाहीत. ते म्हणतात, "मले ते मोबाइलवरचं जमत नाही." अशा माणसासाठी वेगळं सॉफ्टवेअर सुचवून भागत नाही. पानच मुळात नीट असावं लागतं.

एका ठेकेदाराच्या अर्जाचं पान आम्ही नव्यानं करत होतो. प्रेसवर उजव्या हाताची चार बोटं गेलेले, आता स्टोअरमध्ये माल मोजून घेणारे एक भाऊ त्या दिवसांत आमच्याकडे येऊन बसायचे. मी त्यांच्या हातात फोन दिला, ठेकेदाराचं जुनं पान उघडलं आणि अर्ज भरा म्हटलं. डाव्या हातात फोन, डाव्याच अंगठ्यानं टाइप. नाव झालं, गाव झालं. जन्मतारखेवर घोडं अडलं. तिथं चालू महिन्याचं कॅलेंडर उघडत होतं आणि मागे जायला ज्वारीच्या दाण्याएवढा एक बाण होता. एकेक महिना मागे सरकत १९७०च्या दशकात पोचायचं. अंगठा दरवेळी बाणाच्या शेजारच्या तारखेवर पडायचा, कॅलेंडर मिटायचं, पुन्हा पहिल्यापासून. पुढं एका चौकोनात बोटानं सही काढायची होती. तीही कशीबशी झाली. मग ओटीपी आला. तो बघायला ते मेसेजमध्ये गेले, परत आले, तोवर पान नव्यानं लोड होऊन सगळं कोरं. भाऊंनी फोन टेबलावर ठेवला. "म्हणूनच मी ऑनलाइनवाल्याकडे जातो ताई. पन्नास रुपये घेते, पण होऊन जाते."

ऑनलाइनवाल्याचं दुकान प्रत्येक गावात आहे आणि त्याच्या भरवशावर पुष्कळांची कामं होतात. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या काउंटरवर माणूस काय काय ठेवून येतो ते बघावं. आधार क्रमांक, बँकेचं खातं, पासवर्ड, आलेला ओटीपी. पासवर्ड दुकानदार आपल्या वहीत लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी गिऱ्हाईक तो विसरलेलं असतं. ओटीपीची कटकट नको म्हणून कधी कधी अर्जावर मोबाइल नंबरही दुकानाचाच टाकला जातो, आणि मुलाखतीचा निरोप दुकानात येऊन पडून राहतो. या सगळ्याहून जास्त टोचणारी गोष्ट भाऊंनी सांगितली. फॉर्ममध्ये अपघाताचा तपशील विचारलेला असतो. दुकानदार तो मोठ्यानं वाचतो, कारण मशीनचा आवाज, रस्त्याचा आवाज, मागे रांग. "माह्या हाताले कसं झालं, कंपनीनं किती देल्लं, सगळ्या लाइनीनं आयकलं," भाऊ म्हणाले. "बायकोले बी मी एवढं सांगितलं नव्हतं."

तेव्हापासून माझ्या कामाची कसोटी बदलली. अर्ज भरून झाला का, हे विचारणं पुरत नाही. कुणालाही शेजारी न बसवता, कुणाला मोठ्यानं काही न सांगता, ज्याचा अर्ज त्याला भरता आला का, हे बघावं लागतं. धडधाकट माणसाला आपली माहिती आपल्यापाशी ठेवायची मुभा न मागता मिळालेली असते. बोटं नसलेल्या, न दिसणाऱ्या, हात थरथरणाऱ्या माणसाची ती मुभा एका बेपर्वा कॅलेंडरनं जाते, आणि कॅलेंडर बनवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आम्ही जे बदललं त्यात मोठं असं काही नाही. जन्मतारखेला तीन साध्या चौकटी केल्या, दिवस, महिना, वर्ष, आणि त्यात बोट ठेवलं की फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो. सहीचा चौकोन काढला. त्याजागी पूर्ण नाव टाइप करून संमतीची खूण करायची. यासाठी ठेकेदाराच्या वकिलांशी बराच वेळ बोलावं लागलं. ओटीपीला पुरेसा वेळ दिला आणि मेसेज बघून परत आलं तरी भरलेलं जागच्या जागी राहील असं केलं. बटणं मोठी केली, त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून जगभर जी मार्गदर्शक तत्त्वं मानतात ती डब्ल्यूसीएजी या नावानं ओळखली जातात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं त्यांची पहिली आवृत्ती १९९९ साली काढली. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीनं नव्यानं घातलेल्या गोष्टींपैकी दोन अशा: दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असावी किंवा तिच्याभोवती तेवढी मोकळीक असावी, आणि जिथं बोटानं ओढून काम करायचं असेल तिथं न ओढता करायचाही मार्ग असावा. हे वाचताना मला भाऊंचा अंगठा आठवत होता. २४ पिक्सेल मला कमीच वाटतात. मी दुप्पट ठेवते.

बुटीबोरीहून याच रस्त्यानं पुढं जामवरून वरोऱ्याला गेलं की आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि हाताची बोटं झडलेल्या माणसांनी तिथं विहिरी खणल्या, पडीक जमीन पिकाखाली आणली, पुढे हातमाग चालवले. आमच्या विदर्भातल्या कुणाला हे नव्यानं सांगायला नको. जे हात कुदळ धरू शकतात त्यांना एक फॉर्म भरता येत नसेल तर दुरुस्ती फॉर्मची करायची, हे इथल्या गिऱ्हाइकाला समजावताना मी आनंदवनाचं नाव घेते. कायद्याच्या कलमापेक्षा ते लवकर पटतं.

आता आमच्या तपासनिसाबद्दल. तो जवळच्याच खेड्यातला, जन्मापासून अंध, नागपूरला अंध मुलांच्या शाळेत शिकलेला. आमची प्रत्येक वेबसाइट गिऱ्हाइकाला देण्याआधी त्याच्या हातून जाते आणि त्याच्या कामाचे पैसे बिलात स्वतंत्र ओळीत लागतात. याबाबत मी हटून बसते. अपंग माणसाला "जरा बघून सांगता का" म्हणून बोलवायचं, चहा पाजायचा, आभार मानायचे आणि त्याच्या ज्ञानावर आपण पैसे कमवायचे, हे मला मान्य नाही. तो फोनवर टॉकबॅक वापरतो आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए. हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारी सॉफ्टवेअर. त्यातलं दुसरं ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली सुरू केलं, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी ते फुकट वाटलं. त्याआधी स्क्रीन रीडर विकत घेणं आपल्याकडच्या साध्या घरांना झेपणारं नव्हतं. बुटीबोरीजवळच्या खेड्यातला मुलगा आज माझी वेबसाइट तपासतो, त्यात त्या दोघांचा मोठा वाटा आहे.

त्याची ऐकण्याची गती बघून नवा माणूस चक्रावतो. स्क्रीन रीडर इतक्या वेगानं बोलत असतो की मला एक शब्द कळत नाही, आणि तो मध्येच थांबवून म्हणतो, "इथं तीन बटणं आहेत, तिघांचं नाव बटणच आहे." म्हणजे कुणीतरी घराचं, भिंगाचं आणि पाकिटाचं चित्र टाकून सोडून दिलेलं असतं. दिसणाऱ्याला ते मुख्यपान, शोध आणि संपर्क. त्याला नुसतं बटण, बटण, बटण. फॉर्ममध्ये हीच गोष्ट जास्त नडते. चौकटीच्या आत फिकट अक्षरात "तुमचे नाव" लिहिलेलं असतं आणि टाइप करायला लागलं की ते पुसलं जातं. चौकटीला कोडमध्ये बांधलेलं लेबल नसेल तर कोणत्या चौकटीत काय लिहायचं हे त्याला पुष्कळदा अंदाजानं ठरवावं लागतं. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपानं यंत्रानं तपासते. २०२५मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले. फिकट अक्षरं, चित्राला पर्यायी मजकूर नसणं, फॉर्मला लेबल नसणं, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं आणि पानाची भाषा न नोंदवणं, हे सहा दोष वर्षानुवर्षं तिथं सर्वांत जास्त आढळतात. सहाही दोष कुणीही मनावर घेतलं तर दूर होण्याजोगे आहेत.

त्यातला शेवटचा, भाषा न नोंदवण्याचा, आपल्याला फार महागात पडतो. तयार साचे इंग्रजीत असतात. आत मराठी मजकूर ओतला तरी कोडच्या पहिल्या ओळीत पानाची भाषा इंग्रजीच राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज निवडतो. काही आवाज देवनागरी सरळ गाळून पुढं जातात, काही अक्षर न् अक्षर सुटं वाचतात. त्या पहिल्या ओळीत मराठीचं दोन अक्षरी चिन्ह टाकलं की मराठी आवाज लागतो. काम एका क्षणाचं आहे, पण ते न केल्यानं अख्खी मराठी वेबसाइट एका माणसाला मुकी होते.

जुन्या फॉन्टांचं दुखणं याहून जुनं. आमच्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत कृतिदेव आणि श्रीलिपी अजून चालतात. कंपनीचं परिपत्रक तिथून टाइप होऊन येतं आणि तसंच वेबसाइटवर चढतं. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं. 'कामगार' हा शब्द कृतिदेवमध्ये टाइप केला तर फाइलमध्ये जातं डी, के, ई, एक्स, के, जे. स्क्रीन रीडर तेच वाचणार. पहिल्यांदा एका कारखान्याची सुट्ट्यांची यादी आमच्या तपासनिसासमोर ठेवली तेव्हा तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "दिवाळी कोणत्या तारखेले आहे ते मले दुसऱ्याले विचारावं लागन." आम्ही आता मजकूर घेतानाच अट घालतो की तो युनिकोडमध्ये हवा. न मिळाल्यास बदलून घेतो आणि त्याचेही पैसे लावतो. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारांत चुका करतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं. स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफची गत याहून वाईट. तिच्यात अक्षरंच नसतात, अक्षरांचा फोटो असतो.

मराठीपुरती आणखी एक बाब मला कामातच सापडली. वाचायला त्रास होणाऱ्यांसाठी अक्षरांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवता आलं पाहिजे, असं डब्ल्यूसीएजी सांगते. रोमन लिपीला ते ठीक आहे. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते, शब्द सुटा सुटा होतो आणि वाचणं सोपं होण्याऐवजी अवघड होतं. ज्या लिपीत एखादा गुणधर्म वापरलाच जात नाही तिला नियमात तशी सवलतही दिलेली आहे. म्हणून मी मराठी पानांवर अक्षरांतलं अंतर वाढवत नाही, ओळींतलं वाढवते, कारण वर वेलांटी, रफार आणि खाली उकार यांना जागा लागते. दृष्टी अधू असलेला माणूस पान दुप्पट मोठं करतो तेव्हा घट्ट बसवलेल्या ओळींत मात्रा कापल्या जातात, आणि 'तोल' वाचावं की 'ताल' याचा त्याला पत्ता लागत नाही. परदेशी साच्यात हे कुणी तपासलेलं नसतं. तपासायचं तर मराठी येणाऱ्यानंच.

पत्ते आणि आकडेही आमच्या तपासनिसानंच मला ऐकायला शिकवले. 'मु. पो. ता. जि.' ऐकताना ठेचा लागतात, म्हणून आम्ही 'मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा' पूर्ण लिहितो. दहा अंकी फोन नंबर एकसलग लिहिला की तो कोटी-लाखांत वाचला जातो आणि ऐकणाऱ्याला काही टिपता येत नाही. अंक गटागटानं लिहून दाबताच फोन लागेल असं केलं की तो प्रश्न सुटतो.

गिऱ्हाईक या खर्चाला लगेच हो म्हणत नाही. "मॅडम, आमच्या साइटवर आंधळे कोण येणार? इथं मशीन चालवायच्या आहेत," असं मला तोंडावर सांगितलं गेलं आहे. मी त्यांना विचारते की तुमचा हिशेब बघणारा, फोन घेणारा, माल मागवणारा मशीन चालवतो का. मग कायदा सांगते. २०१६च्या कायद्याच्या २१व्या कलमानं प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं आहे, आणि नियमांनुसार ते शक्यतो वेबसाइटवर लावायचं आहे. किती ठिकाणी ते धोरण स्कॅन करून चित्ररूपात चढवलेलं मी बघितलं आहे! ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच ते वाचता येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ते लिहिणाऱ्याचा हेतू खोटा नसतो. फक्त शेवटची पायरी कुणी बघितलेली नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी माझं बोलणं सोपं केलं. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी यांच्या प्रकरणात न्यायालयानं २०१७च्या नियमांतला १५वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याला सुगम्यता सक्तीची हवी होती आणि नियमानं ती नुसत्या शिफारशींवर सोडली होती. तीन महिन्यांत सक्तीचे किमान नियम करा, असं सरकारला सांगण्यात आलं. दुसरा निकाल ३० एप्रिल २०२५चा. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खातं उघडता आलं नव्हतं, कारण ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे होते आणि त्यांना ते शक्य नव्हतं. अंध वकील अमर जैन यांचीही याचिका त्यासोबत ऐकली गेली. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि केवायसीसाठी २० निर्देश दिले. भट्टीशी किंवा रसायनानं चेहरा भाजलेला कामगार या वसाहतीत कुणालाही परका नाही. हा निकाल सांगताना समोरचा कारखानदार गप्प होतो आणि कुणाचं तरी नाव आठवतो.

यावर सोपा उपाय म्हणून काही जण वेबसाइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं एक तयार बटण लावून घेतात. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात. वर्षाची वर्गणी भरली की काम झालं, असं विकणारे सांगतात. माझा या बटणांना ठाम विरोध आहे. लेबल नसलेल्या चौकटीला ते लेबल देत नाही, स्कॅन केलेल्या पानात अक्षरं भरत नाही, आणि आमच्या तपासनिसाच्या स्क्रीन रीडरच्या मध्ये मध्ये बोलून त्याचं काम अवघड करतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२५मध्ये असं साधन विकणाऱ्या एका कंपनीवर फसव्या दाव्यांबद्दल कारवाई केली आणि कंपनीला दहा लाख डॉलर मोजावे लागले. त्या बटणाच्या वर्गणीचे पैसे गिऱ्हाइकानं एका माणसाच्या तपासणीवर खर्च केले तर जास्त पदरात पडतं.

ऐकू न येणाऱ्यांचा विषय इथं सर्वांत कमी बोलला जातो. खरं तर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८च्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत, आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश होता. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात. त्यात गार्ड न लावता मशीन सुरू करू नका, इमर्जन्सी स्टॉप कुठं आहे, आग लागली तर कुठं जमायचं, हे सगळं बोलून सांगितलेलं असतं. कमी ऐकू येणारा तिथं मान डोलावतो आणि सही करून बाहेर येतो. मला या कामात सर्वांत जास्त भीती वाटते ती या सहीची. आपोआप मिळणारी मराठी कॅप्शन शॉपफ्लोअरची भाषा नीट पकडत नाहीत, म्हणून आम्ही ती हातानं लिहितो, कामगार जसं बोलतात तशी, आणि सुपरवायझरकडून तपासून घेतो. सोबत हिंदीही देतो, कारण बिहार, छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेले पुष्कळ जण इथं आहेत. कॅप्शन लावल्यावर गोंगाटातही सगळ्यांना व्हिडिओ समजतो, असं मग व्यवस्थापकच सांगतात. अक्षरांच्या रंगाचंही तसंच. अक्षर आणि पाठची जमीन यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ एवढं अंतर असावं, असा नियम अधू दृष्टीच्या लोकांसाठी केलेला आहे. पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गेटवर उभं राहून फोन बघायचा झाला तर तो सगळ्यांनाच लागतो. हा फायदा खरा आहे, तरी गिऱ्हाइकासमोर मी तो पहिल्यांदा मांडत नाही. बहिऱ्या माणसाला आगीची सूचना कळायला हवी, याला दुसऱ्या कुणाच्या फायद्याचा टेकू लागू नये.

सध्या हातात पगारपत्रकाचं काम आहे. ठेकेदाराच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जी पीडीएफ निघते तिच्यात तक्त्याचे रकाने नुसते रेघांनी आखलेले असतात. कोणता आकडा कोणत्या रकान्याचा, हे स्क्रीन रीडरला कळायला काही मार्ग नसतो. आमचा तपासनीस एका ठिकाणी अर्धवेळ काम करतो आणि स्वतःचं पगारपत्रक आजवर पुतण्याकडून वाचून घेत आला आहे. "मले कळायच्या आधी पुऱ्या घराले कळते," तो म्हणाला. म्हणून आम्ही ते साधं वेबपान केलं, तक्त्याच्या मथळ्यांची कोडमध्ये नीट नोंद केली आणि प्रत्येक ओळ पूर्ण ऐकू येईल असं बघितलं. ऐकून त्यानं पहिली सूचना दिली ती क्रमाची. "सगळ्यात आधी हातात किती येते ते सांगा, मग बाकीचं आयकत बसू." दिसणारा माणूस नजर थेट खालच्या ठळक आकड्यावर नेतो, ऐकणाऱ्याला वरून खाली सगळं ऐकत यावं लागतं. हातात येणारी रक्कम आम्ही वर आणली. हिशेबनिसांना तो क्रम उलटा वाटला, पण छापील प्रत जुन्या पद्धतीनं निघत राहील म्हटल्यावर ते तयार झाले. भाऊंनीही पान उघडून बघितलं. त्यांना डाव्या अंगठ्यानं ते मागच्या महिन्यावर नेता आलं, एवढं त्यांनी सांगितलं आणि पाळीला गेले.

कपातीच्या ओळींवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. मी म्हणते 'भविष्य निर्वाह निधी' असं पूर्ण लिहू, म्हणजे नव्यानं कामाला लागलेल्याला कळेल पैसे कशाला कापले. तो म्हणतो, दर महिन्याला एवढं लांब कोण ऐकत बसणार, 'पीएफ' लिहा. दोन्ही लिहिलं तर ओळ आणखी लांबते. लहान नाव आधी ठेवून पूर्ण नाव दाबल्यावर उघडेल असं काहीतरी सध्या करून बघतो आहोत, आणि ते भाऊंना एका अंगठ्यानं उघडता येतं का, ते बघायचं राहिलं आहे.